मधाच्या रंगाचं तेल

१

गाडीतलं तेल मधासारखं सोनेरी होतं, आणि नेमकं तेच अक्काला खटकलं.

तिने डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची ती लांब पट्टी, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा बाहेर काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं, स्वच्छ, नितळ. बघणारा म्हणाला असता, वा, काय निगा राखलीय! आणि एकाने तसं म्हटलंही होतं. अक्काच्याच ऑफिसातल्या सहकाऱ्याने अहवाल दिला होता की ब्रेक शाबूत, तेल ताजं आणि भरपूर, गाडीत काही दोष नाही; उतारावर ड्रायव्हरला डुलकी लागली असावी.

तो ड्रायव्हर म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ.

ठोकलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला खरं काय ते सांगणं हे अक्काचं पोटापाण्याचं काम. अर्धं आयुष्य तिने मोडक्या गाड्यांच्या पोटात डोकं घालून काढलं होतं. पण ही गाडी तिला दिली नाही. घरचं माणूस गेलंय, तुम्ही लांब राहा, असं साहेब म्हणाले. अक्का राहिली लांब. मग एके दिवशी धाकट्याची मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच तिने विचारलं, "आत्या, बाबा झोपले म्हणून मेले का?" वर्गात कुणीतरी तसं म्हटलं होतं. त्या दिवसापासून पोरीने झोपेचा धसका घेतला. डोळे मिटले की दचकून उठायची. तिची आई एका कोपऱ्यात रडायची, ही दुसऱ्या कोपऱ्यात जागी.

तेव्हा अक्काने मनाशी ठरवलं की हे ज्याने केलंय त्याला आपण सोडायचं नाही. कुणी केलंय हे ठाऊक नव्हतं. कुणी काही केलंय की नाही हेही ठाऊक नव्हतं. पण धाकटा गाडी चालवताना झोपणारा नव्हे, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून आज ती, धाकटा जिथे ड्रायव्हर होता त्या टेकडीवरच्या फर्निचर कारखान्याच्या मागच्या अंगणात, ताडपत्री बाजूला सारून, त्याच गाडीपुढे उभी होती. उजवी बाजू भिंतीवर आदळून चेपलेली होती. इंजिन मात्र जागच्या जागी होतं. गाडी डिझेलची, पांढरी, मालकांची.

अक्काला धाकट्याचं बोलणं आठवलं. तेल कधी बदलायचं, यावर तो तासभर बोलू शकायचा, आणि ऐकणाऱ्याला जांभया यायच्या. "अक्का, रंग बघून फसू नये. पेट्रोलच्या गाडीत तेल मधासारखं राहतं, दिवसेंदिवस राहतं. डिझेलच्या गाडीत आज नवं तेल घाल आणि बाजारात एक चक्कर मारून ये, काळं झालेलं असतं. काजळी असते ना आत. म्हणून डिझेलचं तेल बोटांत चोळून बघायचं, खरखर लागते का. वास घ्यायचा, जळका येतो का. आणि इंजिनाचं ऐकायचं. ते सांगतं आपणहून."

डिझेलच्या गाडीत सोनेरी तेल. म्हणजे हे तेल घातल्यापासून इंजिन एकदाही फिरलेलं नव्हतं. अपघातानंतर कुणीतरी मेलेल्या इंजिनात तेल ओतलं होतं.

अक्काने पर्समधून धाकट्याचा पाना काढला. तो तिने त्याच्या पेटीतून आणला होता आणि उशाशी घेऊन झोपत होती. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पट्ट्याच्या चाकाला पाना लावून तिने जोर केला. चाक हललं नाही. अंगाचा भार टाकला, तरी तसूभर नाही. आत सगळं तापून एकमेकांत जाम झालेलं होतं.

मग ती डाव्या दाराने आत शिरली आणि तिने किल्ली फिरवली. बॅटरीत अजून धुगधुगी होती. समोरचे दिवे एकेक करून लागले. बॅटरीचा लागला, पट्ट्याचा लागला, हॅन्डब्रेकचा लागला. तेलाचा लाल दिवा लागला नाही.

अक्का खाली उतरली, टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाली. तेलाच्या दिव्याची वायर इंजिनापासून सुटून लोंबत होती. तुटलेली नव्हती. क्लिप दाबून, अलगद काढलेली होती.

२

"तुमचा भाऊ लाखात एक माणूस होता बघा," वॉचमन म्हणाला. त्याने आपली खुर्ची अक्काला दिली आणि स्वतः स्टुलावर बसला. "रोज सकाळी गाडी पुसायचा, ती पट्टी काढून बघायचा, ते चौकटीचं फडकं शेडमधल्या खिळ्याला अडकवायचा. त्या दिवशीही तेच."

फडकं अजून तिथेच होतं. अक्का ते आधीच बघून आली होती. त्यावर काळ्याभोर तेलाच्या पट्ट्या उमटल्या होत्या. त्या सकाळी गाडीत तेल होतं, आणि ते काळं होतं.

"मग गाडी शेडमधून पुढे कुणी आणली?"

"तोच आणायचा की रोज. मालकांना थांबायला आवडत नाही. ते जिना उतरायच्या आधी गाडी पोर्चमध्ये चालू पाहिजे, एसी लावून गार केलेली पाहिजे. नाहीतर खालच्या वळणापर्यंत ओरडा ऐकू येतो."

"त्या दिवशी कुणी आणली, ते विचारतेय मी."

वॉचमनने मान खाजवली. "इथून पोर्चचा खांब आड येतो, अक्का. गाडी दिसते, आत कोण ते दिसत नाही. मी पाहिलं तेव्हा ती उभी होती, घुरघुरत. मग कळलं मालक येत नाहीत. तुमचा भाऊ कपाटाचे नमुने घेऊन एकटाच निघाला. गेटातून जाताना हसला माझ्याकडे बघून. मालकांचे जावईबापू पायरीवर उभे होते. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, टाटा करतायत. पण त्यांनी तो आपला केसांवरून फिरवला आणि गेले आत."

अक्काने ते ऐकलं आणि मनात कुठेतरी ठेवून दिलं.

मॅनेजर हा चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत बसणारा गृहस्थ होता. धाकट्याचं आणि त्याचं कधी पटलं नव्हतं. "बाई, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून मी बोलत नाही," असं म्हणून तो बराच वेळ बोलला. गाडीला खर्च फार करायचा, सारखं तेल बदला, तेल बदला. "मी म्हटलं, कालच तर टाकी भरली! तर हसला मला. डिझेल वेगळं आणि तेल वेगळं असतं म्हणे. असेल बाबा."

अक्काला वाटलं होतं त्याचं कपाळ फोडावं, पण त्या माणसाचा चेहरा इतका खरा गोंधळलेला होता की तिचा हात पर्समधल्या पान्यावरून निघाला.

"त्या सकाळी तो कुठे होता?"

"वरच्या गोदामात. मीच पाठवला. मला इंटरकॉमवर मालकांचा फोन आला, ड्रायव्हरला वर पाठव, नमुने शोधून काढू दे म्हणून. खेकसलेच नेहमीसारखे. बराच वेळ लागला त्याला. नमुने काही लवकर सापडेनात."

"आणि तो खाली आला तेव्हा?"

"तेव्हा गाडी पोर्चमध्ये होती. आणि तुम्हाला सांगतो, त्याची तब्येत ठीक नव्हती त्या दिवशी. भान नव्हतं. गाडी बघून काय म्हणाला माहितीये?" मॅनेजरने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "म्हणाला, अरे, गाडी इथे कुणी आणली?"

३

मालकांनी अक्काला उभंच ठेवलं.

"अहवाल आलाय ना? मग आता काय उकरताय? ड्रायव्हर झोपला, माझी गाडी गेली. मी काही बोललो नाही, हा माझा चांगुलपणा."

ते धाकट्याच्या घरीही आले नव्हते. कारखान्यात सगळ्यांना गोळा करून त्यांनी जाहीर केलं होतं की रात्री जागरणं करून कामावर याल तर असंच मराल. ते वाक्य कुणीतरी घरी नेलं, घरून शाळेत गेलं, आणि शाळेतून पोरीच्या कानात. अक्का त्यांच्या मानेवरच्या वळ्यांकडे बघत होती आणि तिला मनापासून वाटत होतं की खुनी हाच असावा. दोष कुणाचाही असो, वड्याचं तेल वांग्यावर काढायला तिची त्या दिवशी पूर्ण तयारी होती.

"तुम्ही ऐन वेळी का गेला नाहीत?"

"दाढ ठणकत होती. विचारा डेंटिस्टला. अहो, मी बसलो असतो तर मी मेलो असतो, कळतंय का?" मग दाराकडे बघून ते ओरडले, "ए जावई! कुठे कडमडलास? पाणी आण बाईंना. आणि ती बॅग उचल, किती वेळा सांगायचं?"

जावईबापू आले. चांगले शिकलेले, पांढऱ्या शर्टातले, हसतमुख. शिपायाच्या देखत त्यांनी बॅग उचलली, पाणी ठेवलं आणि हसतच गेले.

"घरजावई," मालक म्हणाले, जावईबापूंना जिन्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पोरीने पसंत केला म्हणून ठेवलाय."

"गाडीतलं तेल नवंकोरं होतं," अक्का म्हणाली आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. "अगदी सोनेरी. अपघातानंतरही."

मालकांनी तोंड वाकडं केलं. "काहीतरीच. डिझेलच्या गाडीत? बाई, मी ट्रक चालवून वर आलोय. तेल बदलून पहिला चहा प्यायला थांबेपर्यंत ते काळं होतं. कुणाच्या डोळ्याला झालंय काय?"

अक्का जिना उतरू लागली. हा माणूस उर्मट होता, दगड होता, पण त्याने ते तेल ओतलेलं नव्हतं. त्याने ओतलं असतं तर जुनं, काळं ओतलं असतं. इतक्या दिवसांचा तिचा राग एकदम बेघर झाला.

४

जावईबापूंनी तिला जिन्याखाली गाठलं आणि कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला. कारखान्यातला हा एकच माणूस धाकट्याच्या घरी आला होता. भिंतीला टेकून हुंदके देऊन रडला होता.

"सासऱ्यांचं मनावर घेऊ नका, अक्का. सगळ्यांशीच तसे वागतात." आणि मग त्यांनी गाल फुगवून, मान आत ओढून अशी नक्कल केली की अक्का दचकलीच. "ए जावई! कुठे कडमडलास?" हुबेहूब तोच आवाज. शेजारच्या टेबलावरचे दोन सुतार चहा टाकून ताडकन उभे राहिले, मग हसत हसत खाली बसले.

"घरच्या जेवणात करतो मी कधी कधी. ते नसताना."

"बरीच वर्षं झाली का तुम्हाला या घरात?"

"फार," जावईबापू म्हणाले. हसू तसंच होतं, पण कपाच्या कानाला धरलेली बोटं पांढरी पडली होती.

खिडकीबाहेर त्यांची छोटी लाल गाडी उभी होती. तिच्याबद्दल बोलताना ते खुलले. ती त्यांच्या स्वतःच्या पगाराची होती, सासऱ्यांची नव्हे. रविवारी ते स्वतः तिचं सगळं बघतात, कुणाला हात लावू देत नाहीत. "इंजिनाचं तेल बघा माझ्या गाडीचं. बदलून महिने झाले तरी मधासारखं! तेल बघावं आणि गाडी ओळखावी."

"पेट्रोलची?"

"अर्थात. डिझेलची धडधड कोण ऐकणार?"

अक्काने चहा संपवला. आवाज तिने मऊ ठेवला. या कारखान्यात पेट्रोलच्या गाड्या कितीतरी असतील आणि नकला करणारेही असतील. संशयाला कोर्टात कुणी खुर्ची देत नाही. आणि तिला याचा नुसता संशय नको होता. तिला तो त्याच वळणावर, त्याच भीतीत, उघड्या डोळ्यांनी बघायचा होता.

"एक काम होतं," ती म्हणाली. "अपघाताची जागा दाखवायला मालक, मॅनेजर आणि तुम्ही, तिघं उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. विमा कंपनीला लागतं. मी गाडी घेऊन येते."

"येऊ की," जावईबापू म्हणाले. "कोणती गाडी तुमची?"

"तसलीच," अक्का म्हणाली. "पांढरी. डिझेलची."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का लवकर आली आणि तिने आपली गाडी शेडमध्ये, धाकट्याच्या जागेवर लावली. मग ती शेडचं दार लोटून बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिचे हात काळे झाले होते.

तिघं खाली यायच्या आधी तिने गाडी पोर्चमध्ये आणून ठेवली, चालू, एसी लावून. पोर्चमधून शेडची फरशी स्वच्छ दिसत होती. जिथे गाडी उभी होती तिथे काळ्या तेलाचं चांगलं थारोळं पसरलं होतं.

मॅनेजरला ते दिसलंच नाही. तो चष्मा शोधत मागच्या सीटवर जाऊन बसला.

मालकांना दिसलं. "तेल गळतंय तुमच्या गाडीचं, बाई. एवढं गळालं तर आत राहिलं काय?"

"दिवा लागलेला नाही, मालक. इंजिन चालू आहे आणि तेलाचा लाल दिवा बंद आहे, बघा."

मालकांनी वाकून बघितलं. "मग ठीक आहे. संपत आलं तर लागेलच दिवा. तोवर चला." आणि ते मागे बसले.

जावईबापू पुढच्या सीटपाशी उभे होते. त्यांनी थारोळ्याकडे पाहिलं. मग अक्काच्या काळ्या हातांकडे. मग त्या न लागलेल्या दिव्याकडे.

"बसताय ना?" अक्काने विचारलं.

ते बसले. सासऱ्यापुढे नाही म्हणायची सवयच राहिली नव्हती त्यांना. गाडी गेटातून बाहेर पडली आणि उताराला लागली. वॉचमनने हात केला. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पुढे ते वळण.

"अक्का," जावईबापू म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "अक्का, गाडी एकदा बंद करून परत चालू करा ना."

"का हो?"

"सहज. एकदा."

"उतारावर? कशाला उगाच? दिवा तर बंदच आहे." अक्काने गाडीला थोडा वेग दिला. "आवाज वेगळा येतोय का तुम्हाला काही?"

"थांबवा."

"जावई, काय पोरखेळ लावलाय?" मागून मालक खेकसले.

"थांबवा! इंजिन जाम होईल, स्टिअरिंग वळणार नाही, ब्रेक दाबला जाणार नाही! वळणाच्या आत थांबवा हो!" त्यांनी दाराची कडी धरली. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

अक्काने ब्रेक दाबला. गाडी अगदी हळुवार, जशी धाकटा थांबवायचा तशी, वळणावरच्या त्या फुटक्या भिंतीपाशी येऊन थांबली. तिथे अक्काने आधीच बोलावून ठेवलेला इन्स्पेक्टर जीपला टेकून उभा होता.

६

अक्काने हात उंचावून त्याला जरा थांबायला सांगितलं. आधी तिला बोलायचं होतं.

"खाई त्याला खवखवे, जावईबापू. मॅनेजरसाहेबांना थारोळं दिसलं नाही. मालकांना दिसलं, पण दिवा बंद आहे म्हटल्यावर ते निर्धास्त बसले. कुठलाही साधा माणूस तसाच बसेल. बंद दिवा म्हणजे सगळं ठीक, असंच जगाला वाटतं. वायर काढली की तेल संपलं तरी दिवा बंदच राहतो, हे विसरू न शकणारा माणूस एकच. ती वायर काढणारा."

"मी... मला गाड्यांची आवड आहे म्हणून..."

"आवड असलेला माणूस म्हणाला असता, बॉनेट उघडा, पट्टी काढून तेल बघा. तुम्ही म्हणालात, बंद करून चालू करा. किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात. वायर काढलेली असेल तर तेलाचा लागत नाही. तेवढंच बघायचं होतं तुम्हाला. धाकटा रोज तेच बघायचा, म्हणून त्या दिवशी गाडी त्याला चालू करू द्यायची नव्हती. मालकांचा आवाज काढून मॅनेजरना फोन केलात, त्याला गोदामात अडकवलंत, शेडमध्ये तेल काढून टाकलंत, आणि गाडी चालू करून पोर्चमध्ये आणून ठेवलीत. रोजच ती चालू मिळते, मग कोण बंद करून बघतो?"

मॅनेजर चष्मा हातात घेऊन पुटपुटला, "म्हणजे तो फोन..."

"मोडकी गाडी अंगणात आल्यावर तुम्ही तेल पुन्हा भरलंत, म्हणजे कुणाला शंका नको. चांगलं तेल कसं दिसतं, तर तुमच्या लाल गाडीतल्यासारखं, मधासारखं. वायर मात्र जोडता आली नाही, उघड्या अंगणात गाडीखाली आडवं झालेलं कुणीतरी बघितलं असतं."

मालक मागच्या सीटवरून पुढे वाकले. त्यांच्या तोंडून हळूच शब्द आला, "माझ्यासाठी होतं ते."

"हो, तुमच्यासाठी!" जावईबापू वळले. ते हसू आता कुठेच नव्हतं. "रोज सगळ्यांसमोर बॅग उचल, पाणी आण, पोरीने पसंत केला म्हणून ठेवलाय! माझ्या मुलासमोर म्हणालात तुम्ही ते. त्या दिवशी माझ्या मुलाने मला ए जावई म्हणून हाक मारली." ते अक्काकडे वळले. "ड्रायव्हरला काही व्हावं असं माझ्या मनातही नव्हतं, अक्का. देवाशपथ."

"गाडी मालकांना घेऊन गेली असती तरी ड्रायव्हर पुढेच बसला असता," अक्का म्हणाली. "तो तुमच्या हिशेबात माणूस नव्हता, गाडीचा पार्ट होता. पण ते राहू द्या. मालक येत नाहीत हे तुम्हाला पायरीवर कळलं. तुमचा शत्रू वर गाल धरून बसला होता आणि गाडीत माझा भाऊ एकटा होता. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

जावईबापूंनी मान खाली घातली.

"हात वर केला होता," ते म्हणाले. "थांबवायलाच केला होता."

"आणि मग?"

"थांब म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं."

अक्काने किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग परत फिरवली. सगळे दिवे लागले, त्यात तेलाचा लाल दिवाही लागला. इंजिन चालू झालं आणि तो विझला.

"माझ्या गाडीत तेल पुरेपूर आहे," ती म्हणाली. "ते थारोळं गॅरेजातून डब्यात आणून ओतलं होतं. सकाळी पाना लावला होता मी तेल सोडायच्या नटाला, खोटं बोलत नाही. तेल खरंच सोडून तुम्हाला एकट्यालाच घेऊन निघावं, असं क्षणभर मनात आलं होतं. पण धाकटा म्हणायचा, माणसावरचा राग गाडीवर काढू नये."

७

त्याच दिवशी अक्का मालकांना धाकट्याच्या घरी घेऊन गेली. त्यांनी डेंटिस्टची वेळ असल्याचं सांगून पाहिलं. अक्का म्हणाली, तुम्ही वाचलात ते दाढेमुळे, आता तिला आणखी त्रास देऊ नका.

दोन खोल्यांच्या त्या घरात मालकांना बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. अक्काने त्यांना त्यावर बसू दिलं नाही. उभ्या उभ्याच त्यांना त्या मुलीला सांगावं लागलं, धाकट्याच्या बायकोदेखत आणि दारात जमलेल्या शेजाऱ्यांदेखत.

"तुझे बाबा झोपले नव्हते," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. ते जागे होते. शेवटपर्यंत गाडी भिंतीकडे ओढत होते, दरीत जाऊ नये म्हणून. मी कारखान्यातही सांगणार आहे सगळ्यांना."

"उद्याच सांगा," अक्का म्हणाली.

मुलीने थोडा विचार केला. "म्हणजे झोपलं तर चालतं?" तिने विचारलं. तिची आई तोंडात पदर कोंबून आत गेली. पोर त्या दुपारी आत्याच्या मांडीवर जी झोपली ती दिवे लागले तरी उठली नाही. अक्काच्या पायाला मुंग्या आल्या, पण ती हलली नाही.

खटला उभा राहिला. एका तारखेला वॉचमनची साक्ष होती, आणि वॉचमन अक्काच्या शब्दाबाहेर नव्हता. जावईबापूंच्या वकिलाला तेवढाच एक धागा सापडला होता. आरोपीने हात वर केला, त्याला पश्चात्ताप झाला, तो थांबवणार होता. वॉचमनने तसं म्हटलं तर शिक्षा कमी होण्याची आशा होती. वॉचमनने अक्काला विचारलं होतं, "काय सांगू?" अक्का म्हणाली होती, "जेवढं पाहिलंस तेवढं. हात वर केला ते सांग. नंतर तो कुठे गेला तेही सांग."

कोर्टाच्या आवारात पोलिसांची गाडी उभी होती. जावईबापू जाळीच्या आत बसले होते, दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. अक्का समोरून येताना दिसली तसे ते जाळीला येऊन चिकटले.

"अक्का! अक्का, तुमचं तो ऐकेल. त्याला सांगा ना, मी थांबवत होतो म्हणून. एक शब्द टाका, अक्का! नुसता एक शब्द!"

अक्का थांबली. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हळूच हात वर केला.

जाळीमागचे डोळे आशेने मोठे झाले.

अक्काने तो हात केसांवरून फिरवला आणि ती आत गेली.